मामांशी गोल्फची पैज लावायची तर आधी स्ट्रोक ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई दोन वर्षांपासून गोल्फ खेळतात, हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ पक्का) 31.2. त्यांचे मामा सैन्यातून निवृत्त झालेले, जवळजवळ तीस वर्षं खेळणारे, इंडेक्स 10.4. दिवाळीत ते घरी येणार आहेत आणि आधीच निरोप आलाय : "स्किन्स खेळू, होलला शंभर रुपये, आणि तुला दहा स्ट्रोक देतो." (स्किन्स म्हणजे होल जिंकेल त्याला त्या होलचे पैसे; दहा स्ट्रोक म्हणजे ताईंच्या शॉटमधून दहा वजा.) ताईंना खेळायची हौस आहे, पण नुसतं हरायला जायचं नाही, आणि मामांचं मनही मोडायचं नाही. कोणती पैज घ्यावी, असं त्या विचारतात.

क्लबात हँडिकॅपचं काम मी बरीच वर्षं बघतोय, आणि घरच्या माणसांच्या पैजा जमताना आणि बिघडताना पुष्कळ पाहिल्या आहेत. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो : मॅच प्ले (प्रत्येक होल वेगळा जिंकायचा किंवा हरायचा) खेळा, त्यातही नॅसॉ (एका फेरीत तीन सामने), हँडिकॅपच्या पूर्ण फरकाने, प्रेस (मध्येच लागणारी जादा पैज) न ठेवता, आणि रोख पैशाऐवजी अशा गोष्टीवर जी हरणारा खरोखर देईल आणि जिंकणारा खरोखर घेईल. आता हे असं का, ते सांगतो. त्यात स्ट्रोकचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात.

"दहा स्ट्रोक देतो" हे ऐकायला दिलदार वाटतं, आणि मामा मनापासूनच म्हणत असतील. पण हिशेब करून बघा. जानेवारी 2020 पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तिच्यात इंडेक्स जसाच्या तसा कोर्सवर वापरत नाहीत. इंडेक्सला त्या टीच्या (होलचा पहिला शॉट मारायची जागा) स्लोप रेटिंगने, म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स किती जड जातो त्या आकड्याने, गुणायचं, 113 या प्रमाण स्लोपने भागायचं आणि कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूला लागणारे शॉट) पार (कोर्ससाठी ठरलेले शॉट) वजा करून जो आकडा येतो तो मिळवायचा; हा झाला कोर्स हँडिकॅप. उदाहरणासाठी धरा, पार 71 आहे. मामा पांढऱ्या टीवरून खेळतात, तिथे स्लोप 125 आणि कोर्स रेटिंग 70.6. त्यांचे झाले 11 स्ट्रोक. तुम्ही लाल टीवरून खेळता, तिथे स्त्रियांसाठी स्लोप 121 आणि कोर्स रेटिंग 71.4. तुमचे होतात 34. फरक 23. तुमच्या कोर्सचे खरे आकडे स्कोअरकार्डावर किंवा क्लबाच्या फलकावर असतात, ते घालून हाच हिशेब करा. एक-दोन स्ट्रोक इकडेतिकडे होतील, पण दहाच्या जवळपास तो येणार नाही.

एकास एक मॅच प्लेमध्ये हा फरक शंभर टक्के द्यावा, अशीच आजची शिफारस आहे. तुमच्या मामांच्या पिढीला हे जास्त वाटतं त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं फरकाच्या तीन-चतुर्थांश स्ट्रोक द्यायची रीत होती, आणि आपल्याकडे जे जुन्या कोर्सवर खेळायला शिकले त्यांच्या डोक्यात तेच बसलेलं असतं. पण 23 चे तीन-चतुर्थांश केले तरी 17 होतात. दहा म्हणजे निम्म्याहूनही कमी. तुम्ही दोघं आपापल्या हँडिकॅपप्रमाणे खेळलात तर मामांचे 82 होतील, तुमचे 105. दहा घेऊन तुम्ही पहिल्या टीवर उभ्या राहिलात की 13 शॉट मागे असूनच सुरुवात कराल, आणि वर सगळ्यांना वाटेल की मामांनी सवलत दिली.

म्हणून स्ट्रोक मागताना संकोच करू नका. हे दान नाही. तुमचा हँडिकॅप तुम्ही एकेक कार्ड भरून मिळवलाय, मामांनी त्यांचा मिळवलाय, आणि दोन्हींतला फरक हा आकड्यांचा विषय आहे, मेहरबानीचा नाही. एकच काळजी घ्या : दोघांचेही इंडेक्स ताजे असू द्या. इंडेक्स म्हणजे शेवटच्या वीस फेऱ्यांमधल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी. मामांनी वर्षभर कार्डं भरली नसतील, किंवा तुमच्या खात्यात अजून वीस फेऱ्याच झाल्या नसतील, तर आकडा खऱ्या खेळापासून लांब असू शकतो. तुम्ही सुधारत असाल आणि गेल्या पाच-सहा फेऱ्यांची कार्डं भरली नसतील तर ती आधी भरा. मामांना पूर्ण स्ट्रोक मागायचे तर आपलं खातं चोख हवं.

टीच्या बाबतीतही एक सांगतो. "मामा पांढऱ्यावरून, मग मीही पांढऱ्यावरून" असा अभिमान बऱ्याच जणी धरतात. धरू नका. लाल टी ही सवलत नाही, तिचं रेटिंग वेगळं काढलेलं असतं आणि ते वरच्या हिशेबात आलेलंच आहे. पांढऱ्यावरून खेळलात तर दुसरा शॉटही वुडने, म्हणजे लांब मारायच्या क्लबने, मारावा लागेल, ग्रीनवर पोचेपर्यंत दम निघेल, आणि दिवाळीच्या सुमारास, पाऊस नुकताच संपलेला असताना, फेअरवेवर बॉल घरंगळत पुढे जात नाही. लांब न मारणाऱ्याला हा मोसम तसाही जड असतो.

आता खेळाचा प्रकार. नवख्या माणसाचं नुकसान सरासरी खेळाने होत नाही, दोन-तीन होलवर जे वाटोळं होतं त्याने होतं. बंकरमधून तीन शॉट, मग पाण्यात एक, आणि कार्डावर 11. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण शॉट मोजून पैज लावली, तर ते 11 च्या 11 तुमच्या अंगावर येतात. आणि इथे एक गोष्ट आहे जी फार थोडे लोक लक्षात घेतात. हँडिकॅप काढताना ते 11 धरलेच जात नाहीत. प्रत्येक होलचा आकडा नेट डबल बोगीला, म्हणजे पार अधिक दोन अधिक त्या होलवरचे तुमचे स्ट्रोक, इथे कापला जातो. पार चारच्या अवघड होलवर तुमच्यासाठी ती मर्यादा 8 आहे. म्हणजे तुमचा 31.2 हा इंडेक्स त्या कापलेल्या आकड्यांवर बनलाय, आणि स्ट्रोक प्लेची पैज न कापलेल्या आकड्यांवर लढली जाते. मामांच्या कार्डावर असे होल क्वचित येतात, तुमच्या कार्डावर दर फेरीत येतील. एकूण शॉटवर पैज म्हणून नको.

मॅच प्लेमध्ये होल हरला तो हरला, एकच गेला. सातव्या होलचं उदाहरण घेऊ. पार चार, स्ट्रोक इंडेक्स (कोणत्या होलवर आधी स्ट्रोक द्यायचे त्याचा कार्डावरचा क्रम) 3. फरक 23 असल्याने तुम्हाला प्रत्येक होलवर एक स्ट्रोक आणि इंडेक्स 1 ते 5 असलेल्या पाच होलवर दोन. म्हणजे सातव्याला दोन. मामा ड्राइव्ह मारतात, आठ नंबरच्या आयर्नने ग्रीनवर येतात, दोन पुट, चार. तुम्ही हायब्रिडने सरळ दीडशे यार्ड, पुन्हा हायब्रिड, मग एक छोटा पिच जो ग्रीनच्या अलीकडेच थांबतो, एक चिप, दोन पुट. सहा. दोन वजा, नेट चार. होल बरोबरीत. मामांनी पार काढूनही त्यांच्या हाती काही लागलं नाही, आणि तुम्ही काही चमत्कार केला नाही. दहा स्ट्रोक घेतले असतेत तर याच होलवर तुम्हाला एकच मिळाला असता, नेट पाच, होल गेला. आणि समजा बंकरमध्ये अडकून नऊ झाले : मॅच प्लेमध्ये एक होल गेला, स्ट्रोक प्लेमध्ये तीन शॉट गेले. शिवाय मॅच प्लेमध्ये नऊ मोजत बसायचीही गरज नाही. मामा चारात आत आहेत आणि तुमचा सातवा शॉट अजून ग्रीनच्या बाहेर आहे, तर बॉल उचला, "होल तुमचा, मामा" म्हणा आणि पुढच्या टीवर चला. खेळही लांबत नाही, मागचा ग्रुपही खोळंबत नाही.

हा उचलण्याचा हक्क नवख्याला मानसिक दृष्ट्या फार मोलाचा असतो. पुढच्या टीवर तुम्ही कोरी पाटी घेऊन उभ्या असता.

मॅच प्लेमध्ये नॅसॉ का, तर एका सकाळीत तीन सामने होतात. पहिले नऊ होल एक, दुसरे नऊ एक आणि अठराचा एकूण एक. ही पद्धत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या नॅसॉ कंट्री क्लबात 1900 च्या सुमाराला निघाली. तिथल्या मोठ्या मंडळींना मोठ्या फरकाने हरल्याचं जाहीर झालेलं आवडत नसे, म्हणून जास्तीत जास्त 3-0 असाच निकाल लागेल अशी रचना केली, असं सांगतात. कारण काहीही असो, घरच्या सामन्याला ही रचना फार चांगली बसते. साधी मॅच चौदाव्या होललाच संपू शकते, आणि मग चार होल नुसतं चालायचं. नॅसॉमध्ये पहिले नऊ पूर्ण हातचे गेले तरी दहाव्या टीवर नवा सामना सुरू होतो, आणि दुसरे नऊ तुमच्या नावावर लागू शकतात. बहुतेक कार्डांवर विषम स्ट्रोक इंडेक्स एका नऊमध्ये आणि सम दुसऱ्यात असतात, त्यामुळे तुमचे 23 स्ट्रोक 12 आणि 11 असे जवळजवळ सारखे वाटले जातात. दोन्ही नऊंमध्ये तुम्हाला खरी संधी आहे.

पण नॅसॉमध्ये एक फांदी फुटते, तिचं नाव प्रेस. कुणी दोन होल मागे पडला की तो "प्रेस" म्हणतो, आणि त्या नऊच्या उरलेल्या होलसाठी तेवढ्याच रकमेची आणखी एक पैज सुरू होते. काही ग्रुपमध्ये दोन मागे पडताच ती आपोआप लागते. अनुभवी खेळाडूंना हे आवडतं, कारण त्यांना आपला खेळ कधी वर येणार याचा अंदाज असतो. नवख्याला तो नसतो. वाईटात वाईट काय होईल ते मोजा. दोनशे रुपयांची नॅसॉ, प्रेस नाही : तिन्ही हरलात तर सहाशे. तीच आपोआप प्रेसने, आणि सगळे होल गेले असं धरा. पहिल्या नऊमध्ये तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या होलला नवी पैज लागते, म्हणजे मूळ धरून पाच. दुसऱ्या नऊमध्ये पाच. एकूणची एक. अकरा पैजा, बावीसशे रुपये. इतकं सपाट हरणं सहसा होत नाही, पण सहाशे समजून खेळायला उतरलेल्या माणसाला चौदाशे-पंधराशेचा आकडा अठराव्या ग्रीनवर ऐकावा लागतो, हे मी पाहिलेलं आहे. घरच्या माणसात तो क्षण चांगला नसतो. प्रेस नको, हे आधीच सांगून टाका.

मामांना स्किन्स हवंय, त्याबद्दल. स्किन्समध्ये होल स्वच्छ जिंकावा लागतो, बरोबरी झाली की रक्कम पुढच्या होलवर चढते. चार जणांत हा खेळ मस्त रंगतो. दोघांत पूर्ण स्ट्रोक घेऊन खेळलात तर तो मॅच प्लेसारखाच होतो, फरक इतकाच की बरोबऱ्या साठत जातात आणि एखाद्या होलवर चारशे-पाचशे येऊन बसतात. मग पाच फुटांचा पुट, समोर मामा, आणि त्यावर पाच होलचं ओझं. अशा पुटचा सराव तीस वर्षं खेळलेल्याला असतो. तुम्हाला तो दोन-तीन वर्षांत येईल, तेव्हा स्किन्स खेळा. आत्ता मामांनी फारच आग्रह धरला तर रक्कम पुढे न चढवता खेळा, बरोबरी झाली की तो होल कोणाचाच नाही.

मामा नॅसॉला नाही म्हणाले तर दुसरी निवड स्टेबलफर्ड. ही पद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी काढली आणि 1932 मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात ती स्पर्धेत वापरली गेली. नेट बोगीला (स्ट्रोक वजा करून पारहून एक जास्त) एक गुण, नेट पारला दोन, बर्डीला (पारहून एक कमी) तीन, ईगलला (दोन कमी) चार, आणि नेट बोगीहून वाईट झालं की शून्य. वाईट होलचं नुकसान इथेही शून्यावर थांबतं. यात प्रत्येक जण आपल्याच हँडिकॅपशी लढतो आणि शेवटी गुणांची तुलना होते. स्पर्धेत प्रत्येकाच्या कोर्स हँडिकॅपचे (पूर्णांक न केलेल्या आकड्याचे) 95 टक्के धरतात, म्हणजे वरच्या उदाहरणात तुमचे 32 आणि मामांचे 11. मला मॅच प्ले जास्त आवडतं, कारण त्यात प्रत्येक होलवर समोरच्याशी गाठ पडते. पण मामांचा स्वभाव भाचीशी थेट झुंजायचा नसेल तर स्टेबलफर्डमध्ये दोघंही मोकळे राहतात.

आणखी एक खेळ आहे जो असमान जोड्यांना फार शोभतो : बिंगो बँगो बाँगो. प्रत्येक होलला तीन गुण. जो पहिल्यांदा ग्रीनवर पोचेल त्याला एक, सगळे ग्रीनवर आल्यावर ज्याचा बॉल कपाच्या सगळ्यात जवळ त्याला एक, जो पहिल्यांदा कपात घालेल त्याला एक. पहिला गुण बहुधा मामा घेतील. पण दुसरा बघा : मामांचा बॉल दीडशे यार्डांवरून ग्रीनवर आलाय, कपापासून पंचवीस फुटांवर. तुम्ही अजून ग्रीनच्या कडेला आहात, वीस यार्डांवरून चिप करून आठ फुटांवर आणता. गुण तुमचा. तिसरा गुण कुणाला मिळेल ते पुटिंगवर आहे, आणि जो लांब आहे तो आधी मारतो, म्हणून पंचवीस फुटांवरून मामांचा पुट आत गेला तर त्यांचा, नाही तर तुमची पाळी. मात्र यात लांबच्याने आधी मारायचा क्रम काटेकोर पाळावा लागतो, "तयार असेल त्याने मारा" चालत नाही. तुमची चिप आणि पुटिंग चांगली असेल आणि लांबी कमी असेल तर नॅसॉच्या जोडीला हे गुण मोजा. हँडिकॅपची भानगडही नाही.

एक पर्याय मी मुद्दाम सुचवतो, कारण तो लोकांच्या डोक्यात येत नाही. मामांच्या विरुद्ध न खेळता मामांबरोबर खेळा. क्लबातली आणखी एक जोडी घ्या आणि फोरबॉल मॅच खेळा, जोडीतला चांगला स्कोअर धरायचा, कोर्स हँडिकॅपच्या 90 टक्क्यांनी. तुम्हाला दोन स्ट्रोक असलेल्या होलवर तुम्ही नेट बर्डी काढलीत आणि मामांनी पाठ थोपटली, तर दिवाळीला यापेक्षा चांगलं काय. पहिल्यांदाच एकत्र खेळत असाल तर मी हाच सामना आधी ठेवेन आणि एकास एक दुसऱ्या दिवशी.

आता पैज कशावर, हा प्रश्न. मामा आणि भाची यांच्यात रोख पैशाची पैज मला पटत नाही, आणि कारण नीतीचं नाही. मामा भाचीकडून पैसे घेणार नाहीत. जिंकले तर "असू दे गं" म्हणतील, हरले तर पाकीट काढून दुप्पट देतील. म्हणजे पैज एकतर्फीच राहिली, आणि एकतर्फी पैजेत शेवटच्या पुटला धडधड होत नाही. पैज अशी हवी की मामांना जिंकल्यावर ती घ्यायला संकोच वाटू नये आणि हरल्यावर ती द्यायला थोडं जिवावर यावं. पहिले नऊ हरणाऱ्याने क्लबातला नाश्ता द्यायचा. दुसरे नऊ हरणाऱ्याने दोन्ही कॅडींना वरची बक्षिसी द्यायची, शिवाय दोघांच्या गोल्फ बॅगा गाडीपर्यंत उचलायच्या. एकूण सामना हरणाऱ्याने घरच्या सगळ्यांसाठी स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचा, बाहेरून मागवायचा नाही. मामा हरले तर मामींना फार आनंद होईल, आणि तुम्ही हरलात तर मामा आग्रहाने दुसऱ्यांदा वाढून घेतील. यातलं काहीही कुणाला परत करता येत नाही किंवा माफ करता येत नाही.

तरीही थोडी रोख ठेवायचीच असेल तर कितपत, यावर गोल्फच्या नियामक संस्थांचं धोरण शहाणं आहे. खेळाडू एकमेकांच्या ओळखीचे असावेत, पैज ऐच्छिक असावी, पैसे फक्त खेळणाऱ्यांचेच असावेत आणि रक्कम डोईजड नसावी. एवढ्यात राहिलं तर हौशी दर्जाला बाध येत नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे पैजेची रक्कम कोर्टात जाऊन वसूल होत नाही. सगळा व्यवहार शब्दावर. आणि काही क्लबांना आवारातली पैशाची पैज चालत नाही, तेव्हा तुमच्या क्लबाचा नियम बघून घ्या.

पहिल्या टीवर जाण्याआधी तीन-चार गोष्टी बोलून ठेवा, कारण घरच्या माणसांत वाद यांवरूनच होतात. पहिली, सोडलेले पुट. मॅच प्लेमध्ये समोरच्याचा पुढचा शॉट सोडता येतो, आणि एकदा सोडला की तो परत घेता येत नाही, नाकारताही येत नाही. 1969 च्या रायडर कपमध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या ग्रीनवर जॅक निकलॉसने टोनी जॅकलिनचा छोटा पुट सोडला आणि सामना 16-16 असा बरोबरीत सुटला. गोल्फमधल्या दिलदारीचं उदाहरण म्हणून लोक आजही तेच सांगतात. पण अनुभवी खेळाडूचा एक डावही आहे : पहिल्या दहा-बारा होलवर दोन-दोन फुटांचे पुट सोडत राहायचे आणि सोळाव्याला गप्प उभं राहायचं. नियमात ते बसतं. ज्याने सकाळपासून दोन फुटांचा एकही पुट मारलेला नाही त्याचा हात तिथे थरथरतो. म्हणून ठरवून टाका की दीड फुटाच्या आतला सोडायचा, बाहेरचा मारायचा, पहिल्या होलपासून शेवटच्यापर्यंत.

दुसरी, शिकवणं. मामा शिकवणारच. चौथ्या होलला तुमचा ड्राइव्ह उजवीकडे गेला की "खांदा उघडतेस, पकड बघ" सुरू होईल, आणि तिथून तुमच्या डोक्यात बॉलऐवजी खांदा राहील. सामना चालू असताना एकमेकांना सल्ला देणं नियमालाही धरून नाही. मामांना प्रेमाने सांगा की सगळं अठराव्यानंतर ऐकेन, चहा घेताना, वहीत लिहून घेईन. मग खरंच ऐका, कारण तीस वर्षांच्या डोळ्याला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही.

तिसरी, स्ट्रोक कुठे मिळतात ते कार्डावर आधीच ठिपक्यांनी मांडा : एक स्ट्रोक असेल तिथे एक ठिपका, दोन असतील तिथे दोन. स्ट्रोक इंडेक्स लाल टीच्या कार्डावरचे धरायचे हेही ठरवा, कारण पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या रांगेत ते वेगळे असू शकतात. आपल्याकडे बहुतेक कोर्सवर कॅडी असतोच, त्याला टीवर सांगा, "दादा, इथे मला दोन आहेत." ग्रीनवर पुट झाल्यावर "इथे मला स्ट्रोक होता ना?" असं विचारावं लागलं की सामन्याची चव जाते. आणि आपले शॉट मोठ्याने मोजा. मामांना तुमचे किती झाले हे जाणून घ्यायचा हक्क आहे.

हरवलेल्या बॉलचं लवकर आटपतं. शोधायला तीनच मिनिटं, पूर्वीसारखी पाच नाहीत. पावसाळ्यानंतर रफ, म्हणजे कडेचं गवत, घोट्यापर्यंत असतं, तेव्हा बॉल तिकडे गेला असं वाटलं तर दुसरा बॉल आधीच मारून ठेवा.

खेळताना एकच पथ्य. दोन ठिपके असलेल्या पार चारवर तुमचं पार सहा आहे, एक ठिपका असेल तिथे पाच. त्याच आकड्यासाठी खेळा. मामा ड्रायव्हर काढतील म्हणून तुम्ही काढू नका, पाण्यावरून मारायच्या ऐवजी पाण्याच्या अलीकडे ठेवा. त्या आकड्यात होल संपवणारा समोर असला की दहा हँडिकॅपवाल्याला दर होलला पार काढावं लागतं, आणि तो ते दर होलला काढू शकत नाही. म्हणूनच तर तो दहावर आहे.

पुढे दरवर्षी खेळणार असाल तर एक जुनी रीत चांगली आहे : एकूण सामना जो जिंकेल त्याने पुढच्या वेळी एक स्ट्रोक सोडायचा. हँडिकॅपचे आकडे मागे-पुढे असले तरी दोन-तीन वर्षांत सामना आपोआप तोलावर येतो, आणि कोण किती सुधारलं ते त्या आकड्यात दिसतं.

मामांना हे सगळं कसं सांगावं असं वाटत असेल तर फोनवर घासाघीस करू नका. कार्डाचा फोटो काढा, ठिपके मांडलेले असू द्या, आणि सोबत एवढंच लिहा :

"मामा, स्किन्स पुढच्या वर्षी. या वेळी नॅसॉ खेळू, प्रेस नाही. आपल्या दोघांच्या इंडेक्सवरून कोर्स हँडिकॅप काढला, फरक 23 येतो, ठिपके कार्डावर मांडलेत, तुम्ही तपासून बघा. पहिल्या नऊवर नाश्ता, दुसऱ्या नऊवर कॅडींची बक्षिसी आणि बॅगा, एकूण सामन्यावर घरी सगळ्यांना जेवण, स्वतः रांधून. दीड फुटाच्या आतला पुट सुटलेला. शिकवणी अठराव्यानंतर. टी टाइम सकाळी पावणेसातचा मिळतोय, घेऊ का?"